सहा ते बारा

तात्यांनी अँटेना माझ्या हातात दिली आणि चपलेतला खडा काढायला ते बांधावर बसले. अँटेना टीव्हीची असते तशीच, आडव्या काड्यांची, फक्त धरायला खाली लाकडी मूठ. तिची वायर तात्यांच्या गळ्यातल्या पेटीत जात होती आणि पेटीतून एकसारखी घरघर येत होती. लोखंडी कपाट फरशीवरून कुणी ओढत न्यावं आणि ते कधी पोचूच नये, तशी.

"फिरव," तात्या म्हणाले. "हळू. घाई केली की सगळीकडून सारखंच ऐकू येतं."

मी हळू फिरवली. टोमॅटोच्या मांडवांवरून, विहिरीवरून, मग गावाकडे. गावाकडे तोंड झालं तशी घरघर चढली. तात्यांनी होकायंत्र पाहिलं, वही काढली, आकडा लिहिला आणि वही परत खिशात घातली. ही चौथी जागा होती. सकाळपासून आम्ही गावाभोवती चालत होतो आणि माझ्या पायांत गोळे आले होते.

"आता मारुतीच्या मागून बघू," ते म्हणाले.

मारुतीच्या मागे गाव संपतं आणि डोंगर लागतो. घरघर तिकडून येत नव्हती. हे मला कळत होतं, मग त्यांना कसं कळत नव्हतं, असं मनात आलं. पण मी दमले होते आणि त्या दिवशी मला विचार करण्यापेक्षा कुणाच्या तरी मागून चालणं सोपं वाटत होतं.

आमच्या गावाच्या शिवारात रेडिओ दुर्बीण आहे. आकाशाकडे तोंड करून उभ्या मोठमोठ्या जाळीच्या डिश. तात्या तिथे आधी रोजंदारीवर जाळी बांधायला लागले, मग कायम झाले, आणि गेली चौदा वर्षं त्यांचं काम एकच होतं : आवाज शोधणं. दुर्बिणीला आकाशातून येतं ते इतकं क्षीण असतं, की गावातला एक बिघडलेला बूस्टर, विजेच्या खांबावरचा एक सैल चिमटा, वेल्डिंगची एक ठिणगी त्याला झाकून टाकते. असं काही उपटलं की तात्या पेटी गळ्यात घालून निघायचे, दोन-तीन दिवसांत ते घर हुडकून काढायचे आणि घरमालकाची समजूत घालून ती वस्तू बंद करायचे. गावात त्यांना मान होता आणि थोडा वैतागही होता.

वाटेत गेणूभाऊ औटी भेटला. दोन वर्षांपूर्वी तात्यांनी त्याच्या टीव्हीचा बूस्टर काढायला लावला होता आणि ते तो विसरला नव्हता. मान वाकडी करून त्याने पेटीचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "रंगनाथराव, चोर गावला का?"

"नाय अजून."

"लेकीच्या एका चांदणीपायी माझ्या नातवाची कार्टुनं गेली. आता काय, माझा खोकला बंद करता का?"

तात्या हसले नाहीत. एरवी ते गेणूभाऊला उलट सुनवायचे, निदान तंबाखूची चिमूट तरी मागायचे. त्या दिवशी नुसते पुढे चालू लागले.

गेणूभाऊ चांदणी म्हणाला, ती चांदणी नव्हती. कन्या राशीत एक प्रचंड मोठी दीर्घिका आहे, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. आपल्या आकाशगंगेसारखे वळणदार हात तिला नाहीत; अंड्यासारखी लांबट, गुळगुळीत, जुन्या पिवळट ताऱ्यांनी भरलेली. तिच्या मध्यभागी शेकडो कोटी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. माझी पीएच.डी. त्या दीर्घिकेभोवतीच्या एका फिक्या कवचावर होती. कृष्णविवरात पडता पडता जे बाहेर फेकलं जातं, त्याचे फुगे वर्षानुवर्षं वर येत राहतात, त्यांचं ते कवच. ते इतकं पसरट आणि मंद असतं, की फक्त एकमेकींच्या जवळ उभ्या असलेल्या डिशना ते दिसतं. आमच्या दुर्बिणीच्या अशा जवळजवळच्या डिश नेमक्या आमच्या गावालगत होत्या.

त्या वर्षी कार्तिकात मला तीन सकाळी मिळाल्या होत्या, सहा ते बारा. पहिल्या दोन या घरघरीने खाल्ल्या. पडद्यावर दीर्घिकेच्या जागी नुसते पट्टे. तिसरी सकाळ उद्याची, गुरुवारची होती. मार्चमध्ये माझी फेलोशिप संपत होती आणि पुण्याच्या इनामदार मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, की ही वेळ गेली तर या प्रकरणावाचून प्रबंध द्यावा लागेल, आणि या प्रकरणावाचून त्या प्रबंधात फारसं काही उरत नाही.

दुपारी आम्ही तात्यांच्या वर्कशॉपवर आलो. ते चहा सांगायला कँटीनकडे गेले. टेबलावर काचेखाली गावाचा नकाशा होता, वही तिथेच पडली होती. मी पट्टी घेतली. एका जागेवरून घेतलेली दिशा म्हणजे एक रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे आवाजाचं घर. मला हे तात्यांनीच शिकवलं होतं, मी सातवीत असताना, अंगणात खडूने.

मी पाचही रेघा काचेवर पेन्सिलीने ओढल्या. त्या एकाच जागी आल्या. तिथे नकाशावर चिंचेचं झाड होतं आणि त्याला लागून दोन खोल्यांचं घर. आमचं घर.

तात्या या चैत्रात गेले. दहाव्याला नदीवर जमलेल्या माणसांनी सांगितलं, की रंगनाथ डेरे खोटं बोलला नाही, आपल्या-परक्यात त्याने फरक केला नाही. मी मान हलवत होते आणि ती काच मला दिसत होती. त्यांनी आकडे खोटे लिहिले नव्हते. पाचही दिशा अचूक होत्या, अंशाचाही फरक नाही. त्यांनी फक्त रेघा मारल्या नव्हत्या.

ते दोन कप घेऊन आले, काचेकडे पाहिलं, आणि माझा कप माझ्यासमोर ठेवला.

"स्टॅबिलायझर?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

आईची फुप्फुसं दोन वर्षांपासून आखडत चालली होती. दसऱ्याला एका ट्रस्टकडून आम्हाला ऑक्सिजनचं मशीन मिळालं, वापरलेलं पण चांगलं. गावात सकाळी शेतपंप सुरू झाले की विजेचा दाब एकशे साठवर यायचा आणि मशीन कुंईकुंई करून बंद पडायचं. म्हणून तात्यांनी जुना स्टॅबिलायझर आणून बसवला. त्याच्या आत एक कार्बनचा तुकडा तारेच्या गुंडाळीवरून मागेपुढे सरकत राहतो आणि दाब सावरतो. गुंडाळी झिजली होती. कार्बन सरकला की ठिणग्या, आणि तो दिवसभर सरकतच असायचा. त्यांनी दोनदा खोलून दुरुस्त करून पाहिला होता. नवा पुण्याला सांगितला होता, तो सोमवारी येणार होता.

"कधीपासून माहीत आहे?"

"तुझी पहिली सकाळ गेली त्या दिवसापासून. घरी आलो, पेटी चालूच होती गळ्यात. दारातच ओरडाय लागली."

"मला सांगायचं होतं, तात्या."

"काय सांगू? गेणूला बंद करायला लावलं मी. त्या वेल्डिंगवाल्या पोराला लावलं. मला कोण लावणार होतं?" चहात पडलेलं काहीतरी त्यांनी बोटाने काढलं. "तू लावलं असतंस?"

मी म्हटलं, सिलिंडर आहे ना. ते म्हणाले, सिलिंडर तीन तास पुरतो, आणि तो दुपारच्या लोडशेडिंगला लागतो. हे मलाही माहीत होतं. मी ते विचारलं कारण काहीतरी बोलायचं होतं.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, असू द्या. उद्याची सकाळ जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू. मला सत्तावीस वर्षं झाली होती, तेवढी अक्कल होती. वाक्यही तयार होतं. मी चहा पीत राहिले आणि ते माझ्या तोंडातून आलं नाही. तात्यांनी वाट पाहिली असावी. मग त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. 'आवाजाचा स्रोत' या रकान्यात इतकी वर्षं ते इतरांची नावं लिहीत आले होते. तिथे त्यांनी लिहिलं : रंगनाथ सावळेराम डेरे यांचे राहते घर, स्टॅबिलायझर. 'उपाय' या रकान्यात : गुरुवार सहा ते बारा बंद. खाली सही केली.

"कसा बंद ठेवणार?" मी विचारलं.

"ते माझं मी बघतो. तू तुझं बघ."

मी अधिक विचारलं नाही.

गुरुवारी पहाटे मी निघाले तेव्हा घरात दिवा होता. आई जागी होती, नाकात नळी, उशा पाठीशी. तिने हात वर केला, नुसता पंजा. कंट्रोल रूममध्ये सहाला सगळ्या डिश कन्येकडे वळल्या, आणि मी पट्टे दिसायची वाट पाहत बसले. पट्टे आले नाहीत. सात वाजले, पंपांची वेळ झाली, तरी पडदा स्वच्छ. ऑपरेटर म्हणाला, आज काय जादू केली डेरेकाकांनी. मी हसले. साडेआठला मला वाटलं, उठावं आणि घरी जाऊन बघावं. चालत वीस मिनिटं. नऊला पुन्हा वाटलं. मी उठले नाही. समोर साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेलं काहीतरी पोचत होतं आणि पहिल्यांदाच ते मला नीट मिळत होतं. बारा वाजता ऑपरेटरने फाइल बंद केली, तेव्हा माझ्याकडे सहा तास होते, एकही मिनिट न खराब झालेले.

मग मात्र मी धावत गेले.

आईच्या खाटेशी तात्या स्टुलावर बसले होते. समोर फरशीवर डिमरस्टॅट होता, वर्कशॉपमधला, हाताने फिरवायचा जुना ट्रान्सफॉर्मर : लोखंडी डबा, वर काळी चकती. शेजारी वीटभर उंचीवर व्होल्टमीटर ठेवलेला, डोळ्यांसमोर येईल असा. दाब खाली आला की चकती पुढे, पंप बंद होऊन दाब उसळला की चकती मागे. काटा दोनशेवीसच्या आसपास ठेवायचा. कार्बन सरकण्याचं जे काम स्टॅबिलायझर करतो, ते तात्या सकाळी सहापासून हाताने करत होते. दोनशेपन्नासच्या वर गेला तर मशीन जळेल, एकशेनव्वदच्या खाली गेला तर बंद पडेल, म्हणून त्यांनी काट्यावरून नजर काढली नव्हती. डिमरस्टॅटची गुंडाळी धड होती आणि त्याला नवा कार्बन घासूनपुसून बसवला होता, म्हणून ठिणगी नाही.

"झालं का?" त्यांनी काट्याकडे बघतच विचारलं.

"झालं."

त्यांनी डावा हात पुढे करून स्टॅबिलायझर जोडला, मशीन त्यावर घेतलं, आणि मग उजवा हात चकतीवरून उचलला. बोटं तशीच वाकलेली राहिली. उठायला गेले तर उठता येईना. मी हात दिला. ते अंगणात गेले आणि चिंचेखालच्या बाजेवर आडवे झाले. पाच मिनिटांत घोरू लागले.

मी आईजवळ बसले. तिला बोलायला वेळ लागायचा, दोन-तीन शब्दांनी थांबावं लागायचं, म्हणून आम्ही तिला सहसा बोलायला लावत नसू. त्या दुपारी ती आपणहून बोलली. म्हणाली, ह्यांना उठताच येईना, मग जाणार कुठं. तुझ्या मामाच्या लग्नात मानपानावरून ह्यांचं वाजलं होतं, बावीस वर्षं झाली, ते भांडण अर्धंच राहिलं होतं. ते आज पुरं केलं.

"कोण जिंकलं?"

"मीच. त्यांना मान वर करता येत नव्हती ना."

हसताना तिला खोकला आला. मी पाठ चोळली. मग पुन्हा थांबत थांबत तिने सांगितलं, की त्या सगळ्या डिशमधल्या एका डिशची जाळी तात्यांनी एकट्याने बांधली आहे, आणि कुठली ते तिला आज कळलं. खिडकीतून दिसते तीच. ती विहिरीवर जाता-येता रोज बघायची. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आपण कधी विचारलं नव्हतं. सांगायला ते घरी असायचे कुठे; सकाळी पेटी घेऊन निघायचे ते दिवेलागणीला. घरी आले तरी कान बाहेर.

"अन् तुझं ते काय," ती म्हणाली, "त्यात काय असतं, ते पण सांगत होते. मधी एक मोठं भोक, अन् ते गिळतं."

मी तिला सांगितलं, की ते नुसतं गिळत नाही. त्या दीर्घिकेभोवती वायूचा मोठा ढग आहे, तो निवत जाऊन आत कोसळला असता. पण जरा निवला, काही आत पडलं, की ते विवर पुन्हा एक फुंकर बाहेर टाकतं आणि ढग ऊबदार राहतो. फार तापत नाही, फार निवत नाही. कोट्यवधी वर्षं तसंच चाललं आहे. माझं काम त्या फुंकरांच्या खुणा मोजायचं.

तिने डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपली.

"अठ्ठावीस वर्षांत," ती म्हणाली, "सलग सहा तास कधी बसले नव्हते माझ्यापाशी." थोड्या वेळाने पुन्हा : "उद्या पण आहे का गं तुझं?"

माझं संपलं होतं. तीनच सकाळी होत्या आणि तिन्ही झाल्या होत्या. शुक्रवारपासून दुर्बीण बंगळूरच्या लोकांना दिलेली होती, आणि त्यांचं काम वरच्या फ्रीक्वेन्सीवर होतं, जिथे असल्या घरघरीचा कुणाला त्रास होत नाही. स्टॅबिलायझर खुशाल चालू राहिला असता.

"आहे," मी म्हटलं. "रविवारपर्यंत आहे."

तात्या दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होते. दुर्बिणीचं आठवड्याचं वेळापत्रक त्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीवर लागायचं आणि रोज सकाळी चहाच्या आधी ते वाचायचे. कुठल्या दिवशी कोण, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, किती ते किती, त्यांना तोंडपाठ असायचं. माझ्या तीन सकाळींच्या तारखा पहिल्यांदा मला त्यांनीच फोन करून कळवल्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"सहा ते बाराच का?" त्यांनी विचारलं.

"हो. सहा ते बारा."

"बरं," ते म्हणाले. आत आले, आणि स्टूल खाटेच्या आणखी थोडं जवळ सरकवलं.

शुक्रवारी साडेपाचला मी पाठीला बॅग लावून निघाले. आईने पंजा वर केला. तात्या चकतीवर हात ठेवून बसले होते, आणि मी चप्पल घालत होते तेव्हा ती त्यांना म्हणत होती, की काल थोरल्या नणंदेचं राहूनच गेलं. मी दुर्बिणीकडे गेले नाही. नारायणगावच्या स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसले. पुस्तक उघडं होतं, वाचलं काहीच नाही. मान छातीवर टाकून बराच वेळ झोपले असेन. शनिवारीही तेच केलं, रविवारीही.

सोमवारी नवा स्टॅबिलायझर आला. आई पौष संपता संपता गेली. प्रबंधातलं ते प्रकरण झालं, त्यातला नकाशा लोक अजून वापरतात. त्या तीन दिवसांबद्दल तात्या आणि मी पुढे कधीही बोललो नाही, आणि आता बोलायला कुणी नाही.

रविवारी जीप लवकर मिळाली. मी पावणेबारालाच गावाच्या वेशीशी पोचले. ऊन चढलं होतं, पाठीवरची बॅग जड झाली होती आणि घर समोर दिसत होतं. मी बॅग काढून पारावर ठेवली आणि बारा वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले.